बाटलीवरची यिनदीताई

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव यिनदी. म्हणजे 'भाऊ घेऊन ये'. मुलगी झाली म्हणून बापाने तोंड फिरवलं आणि तान्ह्या पोरीला नावातच काम नेमून दिलं. तिने ते काम केलं, पाठोपाठ मी जन्मलो. माझं नाव बावगन, म्हणजे अनमोल मूळ. आमच्या घरात कोण कशासाठी जन्मलं हे नुसती हाक मारली तरी कळायचं. मी एकदा तिला विचारलं होतं, "ताई, तुला या नावाचा राग नाही येत?" ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "येतो की. पण ठेवणारा मेला, आणि जो आणला तो हा असा निघाला. आता राग काढू कुणावर?"

पुढे तिने तो पुष्कळांवर काढला आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. तिची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. मला स्वतःलाच राग आलाय, आणि डाव्या हाताने लिहिताना तो आणखी वाढतो.

आमचं सानखंग गाव लोंगछ्युआनच्या डोंगरात आहे. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात दूरच्या रानात जायचे, झाडं पाडायचे, ओंडक्यांना कुऱ्हाडीने खाचा घालायचे आणि त्यातून अळंबी काढायचे. बाईने रानात पाऊल टाकायचं नाही. बाईची सावली पडली की ओंडका वांझ होतो म्हणे. पुरुषांची एक वेगळी बोलीही होती, डोंगरबोली. समोर चोर असो, व्यापारी असो की सरकारी माणूस, त्याला न कळता आपसात बोलता यावं म्हणून ती होती. बाप ती मुलाला शिकवायचा, मुलीला नाही. घरी आले की पुरुष बायकांसमोर खुशाल डोंगरबोलीत बोलायचे, त्यांच्याबद्दलच बोलायचे, आणि बायका खाली मान घालून भात वाढायच्या. मला बापाने ती उंबऱ्यावर बसवून शिकवली. मी मठ्ठ होतो. एकेक शब्द घोकून घोकून बाप थकायचा. ताई शेजारी बसून डुकरांसाठी रताळ्याचे वेल चिरत असायची.

आमचा देव सानगोंग. अळंबी पिकवायची विद्या त्याची. एका वर्षी त्याच्या ओंडक्यांवर काहीच उगवलं नाही, तेव्हा त्याने संतापून कुऱ्हाडीच्या पाठीने ओंडके बडवून काढले, आणि दोन-चार दिवसांत सगळं रान अळंब्यांनी भरलं. तेव्हापासून आम्ही ओंडक्यांना दचकवतो. मोगरीने ठोकतो. खरंच उगवतं. देवाच्या रागातून ज्यांचा धंदा निघाला, त्या गावात बाईने रागावलेलं मात्र चालत नाही.

पुढे रान तोडायला बंदी आली आणि गाव लिंगचीकडे वळलं. लिंगची म्हणजे औषधाची बुरशी. लाकडासारखी टणक, रोगण दिल्यासारखी तांबडी, चकचकीत. ती गावाजवळच काळ्या जाळीच्या मांडवात पिकते. ओंडक्याचे ठोकळे कापायचे, पिशवीत भरून वाफेच्या भट्टीत उकडायचे, बियाणं भरायचं, पांढरी बुरशी लाकडात मुरली की वाळूमातीत पुरायचे. मांडव घराशेजारी असल्यामुळे बाईच्या सावलीचा प्रश्न मिटला. की पुरुषांना ठोकळे उचलायला माणसं हवी होती म्हणून मिटला, ते सानगोंगलाच ठाऊक.

भावजी छातीच्या दुखण्याने गेले तेव्हा मांडव ताईच्या अंगावर पडला. पहिल्याच हंगामात तिने काय करावं? मोगरी घेतली आणि लिंगचीचे ठोकळे दणादण बडवले. आयुष्यभर जे करायची बंदी होती ते एकदा मनसोक्त करून घेतलं. लिंगची दचकली, पण भलतीच. कोंब वाकडे झाले, टोप्या फाटल्या, मांडवभर कुबडी बोटं उभी राहिली. गाव बघायला आलं. फान काका, आमच्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष, जाळी वर करून म्हणाले, "यिनदी, सानगोंगने ओंडके मारले होते, तू पोरं मारलीस."

"मारणं कसं असतं ते काकूंना विचारा," ताई म्हणाली. काकांची बायको गाव सोडून गेली होती त्याला फार दिवस झाले नव्हते. फान काकांनी जाळी खाली सोडली.

त्या वर्षी शेतकी केंद्रातून लान सूछिन आली. आमच्याच डोंगरातली, चहाच्या मळ्यात वाढलेली, शिकून आलेली पोरगी. तिने तो वाकडा माल बघितला आणि हसली नाही. म्हणाली, "ताई, अळंब्याला धक्का लागतो, लिंगचीला शांतता लागते. हिला छळायचं तर वेगळ्या तऱ्हेने छळायचं." आणि तिने ताईला डिंकाची गोष्ट सांगितली. बुरशीच्या अंगात साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा एक चिकट डिंक असतो. कारखानेवाले त्याला पॉलिसॅकराइड म्हणतात. काही लिंगचीतला हा डिंक जखमेतल्या जंतूंना वाढू देत नाही. सगळ्या नाही, काही. म्हणून वाण निवडायचं, लाकूड निवडायचं, आणि टोपीची पांढरी कड असतानाच काढायची. टोपीवर तपकिरी भुकटी धरेपर्यंत थांबलं तर बुरशी आपलं सगळं बळ पुढच्या पिढीवर उधळते. "थोडं उपाशी ठेवायचं, थोडं गारठवायचं, आणि म्हातारी व्हायच्या आत तोडायचं," लान म्हणाली.

"म्हणजे सुनेसारखं," ताई म्हणाली.

लानने तिला केंद्रात नेऊन काचेची बशी दाखवली. बशीभर पुवातले जंतू सायीसारखे पसरलेले, आणि मधोमध जिथे ताईच्या लिंगचीचा डिंक ठेवला होता तिथे भोवती स्वच्छ गोल. त्या गोलात जंतूंचं नाव नाही. ताई ती बशी उजेडात धरून किती वेळ बघत होती. परत येताना बसमध्ये मला म्हणाली, "बावगन, आयुष्यात पहिल्यांदा माझं काही कुणी ऐकलं. त्या किड्यांनी."

दोघींनी मिळून डिंक वाढवला. बरेच हंगाम गेले. कधी वाण बुरसायचं, कधी थंडी वेळेवर पडायची नाही, कधी ताईचं ऐकून लान चुकायची आणि कधी लानचं ऐकून ताई. भांडायच्या तर अशा की मांडवाबाहेर कुत्री उठून जायची. पण गोल मोठा होत गेला. आणि मग, गूळ असतो तिथे मुंगळा यायचाच, तसा दू हानचांग आला.

दूने तालुक्याला अर्क काढायचा कारखाना घातला. जखमा धुवायचं औषध बनवायचं, लिंगचीच्या डिंकाचं. सोसायटीशी करार केला. तो माल तोलायचा नाही, मोजायचा. एक यंत्र होतं, ते सांगायचं की मालात साखरेचा डिंक किती आहे. आकडा मोठा तर माल चांगला. आणि त्याला बाटलीवर लावायला चेहरा हवा होता. डोंगरातली कष्टाळू म्हातारी. ताईचा माल सगळ्यांत सरस, तेव्हा ताईच. फोटोवाला आला, त्याने तिला धुतलेला निळा अंगरखा घालायला लावला, हातात लिंगची दिली.

"मावशी, जरा हसा," दू म्हणाला.

"कशाला?"

"लोकांना विश्वास वाटतो."

"माझा डिंक जंतू मारतो. दातांनी नाही मारत," ताई म्हणाली. पण छापून आलं तेव्हा ती हसत होती. ते हसू त्यांनी कुठून आणून चिकटवलं कोण जाणे. सुरकुत्याही पुसल्या होत्या. तरी खोटं कशाला बोलू, तिला ती बाटली आवडली. चुलीवरच्या फळीवर, देवाच्या शेजारी, तिने एक ठेवली होती. अख्ख्या मुलुखात तिचं नाव गेलं. जिला नावच दुसऱ्यासाठी मिळालं होतं, तिला स्वतःचा चेहरा मिळाला.

लानने मात्र त्याच सुमारास दूला विचारलं होतं, की तुम्ही डिंक किती ते मोजता, पण गोल पडतो का ते बघता का? बशीची चाचणी का करत नाही? दू म्हणाला, बघू. नंतर थोड्याच दिवसांत लानची बदली झाली, खाली सपाटीवरच्या शहरात, भाताच्या बियाण्यांच्या खात्यात. बदली कुणी केली हे कुणाला कळलं नाही. असल्या बदल्या आपोआपच होतात.

त्याच्या पुढच्या हंगामात माझा हात भाजला. ठोकळे उकडायच्या भट्टीचं दार मी उघडत होतो, दाराची पट्टी सुटली आणि वाफेचा लोट उजव्या हातावर आला. कातडी मोज्यासारखी सुटली. दवाखाना लांब, रस्त्यावर दरड आलेली. आणि घरात तर औषध होतं. माझ्याच बहिणीच्या चेहऱ्याचं. माझी बायको चायफंग ती बाटली घेऊन बसली आणि हात धूत राहिली. धुवायची, बांधायची, पुन्हा सोडायची, पुन्हा धुवायची. ताई शेजारी बसून मला दम देत होती, "कण्हू नकोस. माझा डिंक आहे तो. गोल बघितलाय मी."

हात फुगला. मग वास यायला लागला. दरड निघून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरने पट्टी सोडली आणि आधी चायफंगवर ओरडला, मग माझ्यावर. "भाजलेला हात घेऊन बाटल्यांशी कसले खेळ करता? अस्सल डिंक असता तरी आधी इथे यायचं होतं." मग त्याने बाटलीतलं औषध स्वतःच्या तळव्यावर ओतून बघितलं, बोटांत चोळलं, आणि बाटली परत दिली. दोन बोटं काढावी लागली. उरलेली आखडून बसली.

ताईने ती उरलेली बाटली उचलली आणि कुणाला न सांगता शहरात लानकडे गेली. लानने बशी केली. गोल पडला नाही. उलट औषधाच्या थेंबाभोवती जंतू दाट झाले, बारशाला जमल्यासारखे. मग तिने थेंबावर साधं आयोडीन टाकलं. निळंशार झालं. भात. तांदळाचं पीठ शिजवून पातळ केलेलं. दूचं यंत्र नुसती साखर मोजत होतं, आणि पीठही शेवटी साखरच. लिंगचीत डिंक वाढवायला वर्षं लागतात, तांदूळ ओतला की आकडा दुपारपर्यंत वाढतो. माझ्या भावाच्या हातावर मी जंतूंना पंगत वाढली, असं ताई घरी येऊन म्हणाली. ती चूल पेटवत होती आणि तिच्याने काडी ओढवेना.

"तू नाही, ताई."

"चेहरा कुणाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दूच्या कारखान्यात गेली. दूने चहा मागवला. ताईने कपाला हात लावला नाही. म्हणाली, "मला दुसरं काही नको. माझा चेहरा काढ."

"मावशी, असं काय करता? एका माणसाचा हात चिघळला. पाणी खराब असेल, फडकं मळकं असेल. बाकी हजारो लोक वापरतात."

"त्यात तांदूळ आहे."

"मिसळायला काहीतरी लागतंच. कायद्याने आकडा लागतो, आकडा आहे. मापून घ्या." तो हसला. दू वाईट हसत नाही, हे सांगायला हवं. चांगला देखणा माणूस आहे. "आणि चेहऱ्याचं म्हणाल तर करार आहे. तुमचा चेहरा म्हणजे अख्ख्या सानखंगचा माल. तो काढला तर गावचा माल कोण घेणार? गावाला विचारा आधी."

"चेहरा माझ्या मानेवर आहे, गावाच्या नाही."

"विचारा तर खरं," दू म्हणाला.

गावाला विचारायची वेळच आली नाही, गावच आलं. फान काका आणि सोसायटीतले आणखी दोघं, आमच्याच घराण्यातले चुलते, संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. आमच्यात भांडायला आलेल्या माणसालाही आधी खायला घालतात. ताईने पिवळ्या भातवड्या लोणच्यातल्या बांबूच्या कोंबांबरोबर परतून पुढ्यात ठेवल्या, चहा ओतला. मी हाताला पट्टी बांधून कोपऱ्यात बसलो होतो.

फान काका गोड बोलायला लागले. "यिनदी, बावगनचं झालं ते वाईटच झालं. पण दूने हात वर केले तर इथले सगळे मांडव बसतील. तू शहाणी आहेस. जरा धीर धर. हंगाम जाऊ दे, मग मी स्वतः बोलतो त्याच्याशी."

ताई किटली घेऊन पुन्हा कप भरायला लागली. काकांनी वडी तोंडात टाकली आणि शेजारच्याकडे वळून डोंगरबोलीत म्हणाले, "हिला तांदळाचं कळलंय."

"कळू दे," शेजारचा म्हणाला. "पोती आपल्या कोठारातून जातात हे नाही ना कळलं?"

"ते कसं कळणार? मी रात्री गाडी भरत नाही, भर दुपारी भरतो. दुपारी कुणाला संशय येत नाही."

तिघंही हसले. मला त्यातला शब्द न् शब्द कळला. माझ्या समोर बोलले याचं मला नवल वाटलं नाही. मी पुरुष, त्यांच्यातलाच, मी काय बोलणार होतो? माझ्या हातात कळ उठली. तेवढ्यात तिसरा म्हणाला, "आणि बावगनचं काय एवढं? दोन बोटं गेली, आठ आहेत. हिला जरा रडू दे. बायका रडल्या की गार होतात."

मी उठायला गेलो. त्याआधी ताईने किटली खाली ठेवली आणि डोंगरबोलीत बोलली. स्वच्छ, एकही सूर न चुकता, थेट आमच्या बापाच्या चालीत. "काका, या घरातली बोटं मोजायला मी आहे. तुम्ही पोती मोजा."

फान काकांच्या तोंडातली वडी तोंडातच राहिली. चुलत्यांपैकी एकाच्या हातून कप कलंडला. मग काका साध्या भाषेत म्हणाले, "तुला कुणी शिकवली?"

"बापाने. तो याला शिकवत होता. शिकले मी."

"म्हणजे इतकी वर्षं...?"

"इतकी वर्षं," ताई म्हणाली. "मी न्हाणीतून आले की तुम्ही काय बोलायचात तेही. भावजयांना काय म्हणायचात तेही. भात वाढत होते ना मी. वड्या संपवा आणि निघा."

ते वड्या न संपवता निघाले. गेल्यावर ती मला म्हणाली, "तू कशाला उठत होतास? तू बोलला असतास तर ती पुरुषांची भांडाभांडी झाली असती. मिटली असती." तिने एकेक वडी उचलून डुकराच्या बादलीत टाकली.

सातव्या महिन्यात सानगोंगची जत्रा भरते. देवळासमोर लाकडी रंगमंच आहे, त्यावर नाटक चालतं. डावीकडच्या बाकांवर बायका, उजवीकडे पुरुष. त्या वर्षीचं नाटक दूने दिलं होतं, पहिल्या बाकावर तो पांढरा सदरा घालून बसला होता. नाटकाआधी अध्यक्षांनी देवापुढे उदबत्त्या लावायच्या असतात. फान काका उदबत्त्यांचा जुडगा लावून खाली उतरले आणि ताई वर चढली. नटाने तलवार अर्धी बाहेर काढलेली, तो तसाच उभा.

तिने आधी डोंगरबोलीत सांगितलं. तिघांनी जे जे म्हटलं ते, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच चालीत. पोती, दुपारची गाडी, बोटं, रडू दे. उजवीकडचे बाक ढवळून निघाले. डावीकडच्या बायकांना काही कळेना, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग ताई बायकांकडे वळली आणि तेच सगळं साध्या भाषेत सांगितलं, आपण रोज बोलतो तसं. शेवटी म्हणाली, "बाटलीत भाताची पेज आहे. चेहरा माझा आहे, पण पेज मी शिजवलेली नाही. पोरांच्या जखमांना लावत असाल तर लावू नका."

पुरुष पेटले. आणि कशावर पेटले? तांदळावर नाही. माझ्या हातावर नाही. डोंगरबोली बाईच्या तोंडून निघाली यावर. "देवाच्या दारात! बापजाद्यांची भाषा बाटवली!" असं एक म्हातारा छाती बडवून ओरडला. तोच म्हातारा स्वतःच्या नातीच्या गळवाला महिनाभर पेज चोळत होता, ते त्याला कुणी विचारलं नाही. फान काका ओरडले, हिला खाली ओढा. दू मागे वळून शांतपणे म्हणाला, "वयानुसार होतं असं." त्याला डोंगरबोली येत नव्हती. तो एकटाच खरा परका होता, आणि आमचे लोक त्याच्या बाजूने उभे होते.

मग चायफंग उठली. माझी बायको गर्दीत बोलणारी नाही. पाहुणा आला तरी ती माझ्या पाठीमागून बोलते. ती म्हणाली, "या माणसाचा हात मी धुतला. रोज. मायेने धुतला. तुम्ही मला मायेने हात सडवायला लावलात." तिने पिशवीतून बाटली काढली, घरातली शेवटची, आणि तिच्यावरचा कागद नखाने सोलायला लागली. निघता निघेना. सगळं देऊळ बघत होतं आणि ती सोलत होती. निघाला तेव्हा तिने तो वर जाऊन ताईच्या हातात दिला. म्हणाली, "ताई, घ्या. हा तुमचा आहे."

त्या आठवड्यात बायका येत राहिल्या. कुणी दाराशी, कुणी मांडवात, कुणी झऱ्यावर कपडे धुताना. नवऱ्याला न सांगता आलेल्याच जास्त. पाण्यात भिजवून सोडवलेले, फाटके, अर्धे, शाई पसरलेले कागद त्या ताईला परत देत होत्या. एकजण म्हणाली, "माझ्या नातवाचा गुडघा बरा झालाय हो, पण तरी घ्या." ताई घेत होती. कुणाचे आभार मानले नाहीत, कुणाला दोष दिला नाही. चुलीजवळच्या टोपलीत तिचे हसरे चेहरे साचले आणि तिने एक दिवस त्यांच्या जाळावर भात शिजवला.

तालुक्याहून तपासणी आली. साहेबांनी कारखान्यात यंत्र लावलं, साखर मोजली. आकडा बाटलीवर छापला होता तेवढाच निघाला. दोष नाही. लानने बशीचा अहवाल पाठवला होता, तो भाताच्या बियाण्यांच्या खात्यातून आला म्हणून ग्राह्य धरला नाही. हे मला त्या साहेबाने स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याने माझ्या हाताकडे बघायचं टाळलं. लाज होती, एवढंच काय ते. लाजेने कारखाने बंद होत नाहीत. फान काका अजून अध्यक्ष आहेत. गाडी अजून दुपारी भरते. ताईचा माल सोसायटी घेत नाही, ती तो लांबच्या वैद्यांना थोडा थोडा विकते. पुरुष आता बायकांसमोर डोंगरबोली बोलत नाहीत. खरं तर काहीच बोलत नाहीत, मुकाट जेवतात.

पण चेहरा निघाला. दूने तो काढला, आमच्यासाठी नाही, त्याचा खप घटला म्हणून. नवीन बाटली बाजारात आली तेव्हा चायफंगने एक आणली आणि ताईपुढे ठेवली. मला वाटलं आता तरी ही सैल होईल. हेच मागत होती ना? मी तसं म्हटलंही. "झालं ताई. सुटलीस."

ताई बाटली खिडकीशी नेऊन बघत होती. नव्या कागदावर दुसरीच एक म्हातारी होती. काळी पगडी बांधलेली, पलीकडच्या जिल्ह्यातली. खाली तिच्या गावाचं नाव. हातात लिंगची, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसलेल्या, आणि तेच हसू.

"हिला कुणी सांगितलंय का?" ताई म्हणाली.

"आपल्याला काय करायचंय? तू आता म्हातारी झालीस. गुडघे बघ."

"हिला भाऊ असेल," ती म्हणाली. "नातवंडं असतील. घरात भाजलं, कापलं, तर हीच बाटली काढतील. आपल्या आजीची आहे म्हणून."

सकाळच्या बसला आम्ही फाट्यावर उभे होतो. तिच्या पिशवीत बाटली, आयोडीनची कुपी आणि वाटेत खायला वड्या. थंडी होती, लोक बघत होते, मी सवयीने उजव्या हातावर मोजा चढवायला लागलो. ताईने माझ्या हातून तो काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिला दिसू दे हात."